गडाचे चित्र आणि चाळीची भिंत

काव्य, नाटक, कादंबरी आणि चित्रकला यांच्या गुणदोषांची चर्चा करण्याची सवय मराठी टीकाकारांस बरीच जुनी आहे. परंतु छायाचित्र हाही टीकेचा विषय होऊ शकतो, ही गोष्ट आपल्या अजून पुरती अंगवळणी पडलेली नाही. छायाचित्र म्हणजे यंत्राने केलेली नक्कल, तीत टीका करण्याजोगे काय असणार, अशी काहीशी समजूत यामागे असावी. नक्कल बरोबर की चूक एवढेच पाहावयाचे, आणि यंत्र तर चुकत नाही! ही समजूत किती भोळी आहे आणि ती आपणांस किती महागात पडत आहे, हे दाखविण्याचा या लेखाचा उद्देश आहे. त्याला निमित्त मात्र अगदी घरगुती आहे.

नायगावच्या बी. डी. डी. चाळींतील एका परिचिताची खोली रिकामी होत असता मी तेथे होतो. भांडी, पिंप, पोटमाळ्यावरच्या ट्रंका हे सर्व खाली गेले आणि शेवटी भिंतीवरच्या तसबिरी उतरविण्यात आल्या. एकीत वडिलांचा हार घातलेला फोटो, दुसरीत लग्नाच्या दिवशी काढलेले जोडपे, तिसरीत पदवीचा झगा घातलेली मुलगी. तसबिरी उतरल्या तेव्हा मळलेल्या भिंतीवर त्यांच्याखालचे चौकोन तेवढे स्वच्छ राहिले होते. घरधन्याने सहज विचारले, "या खोलीत आम्ही कसे राहत होतो, हे नातवंडांना दाखवावे म्हटले तर यांतला कोणता फोटो दाखवू?" प्रश्न साधा होता, पण उत्तर देता येईना. वडिलांच्या पाठीमागे स्टुडिओतला रंगविलेला बगीचा होता, जोडप्याच्या पाठीमागे कार्यालयाची मखमल होती आणि मुलीच्या पाठीमागे निळा पडदा. तीन पिढ्या ज्या खोलीत जन्मल्या, वाढल्या आणि काही मेल्याही, ती खोली त्यांच्या एकाही चित्रात नव्हती.

हा प्रश्न एका घराचा नाही. सर जॉर्ज लॉइड मुंबईचे गव्हर्नर असता १९२० साली 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' नावाचे खाते निघाले आणि त्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे या चाळी उभ्या केल्या. एकंदर २०७ इमारती. त्यांपैकी ४२ नायगावात. तळमजला धरून चार मजले, प्रत्येक मजल्यावर मधल्या लांबट अंधाऱ्या वाटेच्या दोन्ही अंगांस खोल्या, खोलीचे क्षेत्रफळ सुमारे १६० चौरस फूट, आणि संडास मजल्याचे सामाईक. आता त्यांच्या जागी उंच मनोरे येत आहेत. वरळीस २०१७ साली या कामाचे भूमिपूजन झाले आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये तेथील पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या रहिवाशांच्या हाती पडल्या. नायगावचीही तीच वाट आहे. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांचा एक संसार डोळ्यांदेखत आवरला जात आहे. आणि त्याचे चित्र कोणापाशी आहे, असे विचारले तर उत्तर शोधावे लागते.

या शोधात मला प्रथम आठवण झाली ती पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाच्या एका प्रदेशाची. अमेरिकेच्या उत्तर भागातील विस्तीर्ण गवताळ मैदानांत १९३०च्या दशकात अवर्षणाने हाहाकार उडविला होता. १९३६ च्या जुलैमध्ये उत्तर डाकोटातील एका गावी उष्णमान १२१ अंश फॅरनहाइटपर्यंत चढले. शेतकऱ्यांस मदत देणाऱ्या सरकारी खात्याने त्यांचे हाल लोकांपुढे मांडण्यासाठी छायाचित्रकार नेमले होते. त्यांतील आर्थर रॉथस्टाइन नावाच्या तरुणास त्या वर्षीच्या मे महिन्यात दक्षिण डाकोटात भेगाळलेल्या जमिनीवर पडलेली बैलाची पांढरी कवटी दिसली. त्याने तिची अनेक चित्रे घेतली. आणि घेताना कवटी उचलून काही फूट अंतरावर, निराळ्या जमिनीवरही ठेवून पाहिली. पुढे ऑगस्टात अध्यक्ष रूझवेल्ट या दुष्काळी मुलखाच्या पाहणीस निघाले, तेव्हा फार्गो येथील एका वृत्तपत्राने हे चित्र बनावट असल्याची हाकाटी केली, आणि रूझवेल्टविरोधी, जुन्या वळणाच्या पत्रांनी देशभर ती उचलून धरली. अशी भेगाळलेली खारी जमीन तेथे सुकाळातही आढळते, कवटी तर छायाचित्रकाराने स्वतःच हलविलेली. तेव्हा दुष्काळाचे हे सारे सोंगच आहे, असा त्या टीकेचा रोख होता.

या वादात दोन्ही पक्षांकडे सत्याचा एकेक तुकडा होता, हे आज शांतपणे पाहता येते. कवटी हलविली होती, ही गोष्ट खरी. त्या वर्षी दुष्काळ होता, ही गोष्टही तितकीच खरी. शेतकऱ्याने ती वर्तमानपत्रात वाचावयाची नव्हती, ती त्याच्या अंगणात होती. छायाचित्र खोटे ठरले म्हणून त्यातील गोष्ट खोटी ठरत नाही, आणि छायाचित्र खरे आहे म्हणून त्यावरून काढलेला निष्कर्ष खरा ठरतो असेही नाही. टीकाकाराने विचारावयाचा प्रश्न 'वस्तू हलविली की नाही' एवढाच नसून 'पाहणारा कोठे उभा आहे, आणि त्याने चौकटीबाहेर काय ठेवले' हा आहे.

आणि आणखी एक गोष्ट. त्या खात्याने कवटीपाशी थांबून भागविले नाही. त्याच्या छायाचित्रकारांनी घरांतील चुली, दुकानांच्या फळ्या, शाळेतील बाके, रविवारच्या सभा, कामाने सुजलेले हात असे सर्व टिपले. आयोवा प्रांतातील एका वृद्ध शेतकरणीचे केवळ दोन हात दाखविणारे रसेल ली यांचे १९३६ सालचे चित्र ज्याने पाहिले असेल, त्यास तिचा चेहरा न पाहताही तिचा जन्म कळतो. या खात्याच्या सुमारे पावणेदोन लाख काळ्यापांढऱ्या निगेटिव्ह वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात आज जपलेल्या आहेत. त्या मैदानांचे राजकारण मात्र पार बदलले. ज्या उत्तर डाकोटात १९१५ साली शेतकऱ्यांचा 'नॉन-पार्टिझन लीग' निघाला आणि त्याने १९१९ साली सरकारी मालकीची बँक काढली, तोच प्रांत पुढे रिपब्लिकन पक्षाचा पक्का बालेकिल्ला झाला. बँक राहिली, चळवळ विरली. परंतु त्या काळी माणसे कशी जगत होती याचा पुरावा डाव्या वा उजव्या कोणत्याही पक्षाच्या मर्जीवर अवलंबून राहिलेला नाही. तो कपाटात आहे, आणि ज्याला पाहावयाचा त्याने पाहावा.

आता आपल्याकडे वळू. छायाचित्रकला मुंबईस उशिरा आली असे म्हणण्याची सोय नाही. येथील 'फोटोग्राफिक सोसायटी'ची स्थापना १८५४ सालची; डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या सभासदांपैकी आणि स्वतः उत्तम छायाचित्रकार होते. परंतु मुंबईच्या माणसांचा पहिला मोठा छायाचित्रसंग्रह म्हणून ज्याचा उल्लेख होतो, तो विल्यम जॉन्सन या इंग्रज गृहस्थाचा, १८६३ आणि १८६६ साली दोन भागांत निघालेला ग्रंथ. त्यात मुंबईचे रहिवासी आहेत; पण ते जातवार मांडलेले नमुने म्हणून. शिवाय त्यांतील कित्येक चित्रांत माणसे एका ठिकाणी टिपलेली आणि त्यांच्या पाठीमागचा देखावा दुसऱ्या ठिकाणाहून आणून जोडलेला आहे. रॉथस्टाइनने कवटी काही फूट हलविली. येथे माणसेच्या माणसे आपल्या घरांतून उचलून भलत्याच पार्श्वभूमीवर बसविली गेली! चाळीतल्या वडिलांच्या पाठीमागचा रंगविलेला बगीचा या परंपरेतलाच होय. फरक इतकाच की, जॉन्सनने दुसऱ्यांस हलविले, आणि आपण पुढे आपण होऊन हलू लागलो.

याला सन्मान्य अपवाद आहेत. सर ज. जी. कलाशाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या नित्याच्या जीवनाची जी चित्रे घेतली, त्यांत शहरातल्या मुली कोणाचे नमुने म्हणून उभ्या नाहीत. त्या आपल्या कामात आणि हसण्यात गुंतल्या आहेत. त्यांपैकी कित्येक चित्रे आरंभी त्यांच्या पतीच्या नावाने छापली गेली, ही गोष्ट त्या काळाविषयी पुष्कळ काही सांगते. पण १९४२ साली त्या दिल्लीस गेल्या, आणि पुढे त्यांच्या कॅमेऱ्यासमोर आली ती राष्ट्राची थोर माणसे. नित्याचे जीवन मागे राहिले.

मुंबईच्या गिरणभागाचे राजकारणही त्या गवताळ मैदानांप्रमाणेच कूस बदलून गेलेले आहे, आणि छायाचित्राच्या प्रश्नाशी या बदलाचा फार जवळचा संबंध आहे. १९२८ साली गिरणी कामगार युनियन निघाली तेव्हापासून लालबाग, परळ, नायगाव येथील भिंतींवर तांबड्या बावट्याचे राज्य होते. याच नायगावात १९३६ च्या मे महिन्यात मुंबई इलाखा महार परिषद भरली आणि डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराचा विचार आपल्या लोकांपुढे सविस्तर मांडला. म्हणजे जुने मोडून नवे घडविण्याची भाषा या वस्तीस परकी नव्हती. पुढे १९६६ च्या जूनमध्ये शिवसेना स्थापन झाली. १९७० च्या जूनमध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला, आणि त्या जागेच्या पोटनिवडणुकीत वामनराव महाडिक हे शिवसेनेचे पहिले आमदार म्हणून निवडून आले. १९७४ च्या जानेवारीत वरळी व नायगावच्या चाळींत दंगली उसळल्या. त्यांच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती भस्मे यांचा आयोग नेमावा लागला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, आणि त्या संपानंतर गिरण्याच उरल्या नाहीत. तांबडा बावटा ज्या भोंग्याच्या आधाराने उभा होता तो भोंगाच थांबला.

या पालटाचे मूळ केवळ द्वेषात वा केवळ दडपशाहीत शोधणारे लोक एक गोष्ट विसरतात. संरक्षक राजकारण या वस्तीत रुजले ते मुख्यतः नित्याच्या जीवनातून. शाखेचा बाक, गणपतीचा मांडव, रात्री-अपरात्री मिळणारी रुग्णवाहिका, नोकरीसाठी दिलेली चिठ्ठी, नळाच्या भांडणात केलेली मध्यस्थी, यांतून त्याची मुळे खोल गेली. 'आमचे जे आहे ते जाऊ देणार नाही' हे त्याचे वचन होते. आणि ज्याचे सर्वच जाऊ लागले होते त्या माणसास ते गोड लागले, यात नवल नाही. त्याच वचनाची दुसरी बाजू 'आमचे' या शब्दात कोण बसतो आणि कोण बसत नाही ही होती, आणि १९७४ साली नायगावने ती बाजूही पाहिली. दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या आहेत. एक सांगून दुसरी दडविणे हे टीकाकाराचे काम नव्हे.

तेव्हा प्रश्न असा की, जे राजकारण जपण्याचे व्रत घेऊन निघाले त्याने चित्ररूपाने काय जपले? या पक्षाचा जन्मच चित्रकाराच्या हातून झालेला आहे. बाळ ठाकरे हे व्यंगचित्रकार. १९६० साली त्यांनी 'मार्मिक' काढले आणि चाळीतल्या माणसाचा राग चार रेषांत पकडला. त्या रेषांत अतिशयोक्ती होती, अन्यायही होता; परंतु चाळीतल्या माणसास त्यांत आपला शेजारी ओळखू येई. पुढची पिढी रेषेकडून छायाचित्राकडे वळली. उद्धव ठाकरे यांनी आकाशातून घेतलेल्या छायाचित्रांचा 'महाराष्ट्र देशा' हा ग्रंथ २०१० साली निघाला, आणि वारीवरील 'पाहावा विठ्ठल' हा २०११ साली. पुढे महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झालेल्या गृहस्थाचे हे ग्रंथ केवळ हौशी माणसाचा विरंगुळा म्हणून बाजूस सारणे योग्य होणार नाही. छायाचित्रकार म्हणून त्यांची पात्रता निर्विवाद आहे, आणि म्हणूनच त्यांच्या दृष्टीचा विचार करणे अगत्याचे आहे.

'महाराष्ट्र देशा'तील गडांची चित्रे पाहताना प्रथम जो परिणाम होतो तो विस्मयाचा. पायी चढणाऱ्यास गड कधीच एकसंध दिसत नाही. त्याला दिसते ती समोरची पायरी, डोक्यावरचा बुरूज आणि पायाखालची दरी. येथे सबंध गड, त्याच्या सोंडा, माच्या, तटाची वळणे आणि सभोवारच्या डोंगरांशी असलेले त्याचे नाते एका दृष्टिक्षेपात येते. ही जागा बांधणाऱ्याने का निवडली असेल, हे शंभर पृष्ठांच्या वर्णनाने जितके कळणार नाही तितके एका चित्राने कळते. हा गुण लहान नव्हे, आणि त्याबद्दल ग्रंथकर्त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

परंतु त्याच उंचीने एक गोष्ट हिरावून घेतली आहे. इतक्या उंचीवरून माणूस दिसत नाही. गडाच्या पायथ्याचे गाव दिसते ते कौलांच्या ठिपक्यांसारखे. त्यात कोणाच्या घरी चूल पेटली आहे आणि कोणाच्या घरी नाही, हे कळत नाही. आकाशातून पाहिलेला देश एकजीव दिसतो. त्यात भांडण नाही, जात नाही, मालक आणि कूळ नाही, नळावरची रांग नाही. जे संरक्षक राजकारण देशाकडे असे वरून पाहते त्यास देश सुंदर दिसतो यात खोटे काही नाही. कवटी हलविल्याचा आरोप येथे कोणासही करता यावयाचा नाही. वस्तू जागच्या जागी आहे. हलला आहे तो पाहणारा, आणि तो हलला आहे उभ्या दिशेने. 'पाहावा विठ्ठल'चा विषयच चालत्या माणसांचा, त्यामुळे तेथे दगडापेक्षा जीव अधिक आहे; तरी विराटाचे आकर्षण त्याही ग्रंथाच्या मुळाशी आहे. वारीतही डोळा प्रथम पोहोचतो तो समुदायाच्या प्रवाहापर्यंत.

नायगावात या दृष्टीचे एक लहान, घरगुती रूप रोज पाहावयास मिळते. नाक्यावर टांगलेला शुभेच्छांचा फ्लेक्स-फलक हे आज या वस्तीतील सर्वांत मोठे छायाचित्र होय. त्यावर वर नेते, त्यांच्या खाली स्थानिक पुढारी, आणि तळाशी टपालतिकिटाएवढ्या चौकोनांत आळीतल्या तरुणांची मुखे मानाच्या क्रमाने मांडलेली असतात. पाठीमागे गड असतो, नाही तर उगवता सूर्य. ज्या चाळीच्या अंगावर तो फलक टांगलेला असतो ती चाळ फलकात नसते. उलट, फलकाने चाळ झाकली जाते. हा दोष एका पक्षाचा नाही, सर्वांचाच आहे. निळ्या, तिरंगी आणि भगव्या फलकांची रचना एकाच साच्यातली असते. जॉन्सनची उसनी पार्श्वभूमी पुनः एकदा नाक्यावर येऊन उभी राहिली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

याच्या अगदी उलट टोकास सुधारक ओलवे यांचे काम आहे. मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांची त्यांनी घेतलेली कृष्णधवल छायाचित्रे ज्याने एकदा पाहिली त्यास ती विसरता यावयाची नाहीत. येथे कॅमेरा आकाशात नाही. तो गटाराच्या तोंडाशी, कचऱ्याच्या ढिगावर, कामगाराच्या खांद्याच्या उंचीवर आहे. शहर स्वच्छ राहते ते कोणाच्या अंगावरून, हे सांगण्यास त्यास फलक लागत नाही. ओलवे यांस २०१६ साली पद्मश्री मिळाली, म्हणजे राज्यसंस्थेनेही त्या चित्रांची दखल घेतली. तरीही टीकाकाराने प्रामाणिकपणे एक शंका नोंदविली पाहिजे. दुःखाचे चित्र जितके प्रभावी, तितका त्यात एक धोका असतो: प्रेक्षकाच्या मनात त्या माणसाचे दुःखच तेवढे उरते. कामावरून परतल्यावर तो मुलाचा अभ्यास घेतो, भजनात वा भीमगीतांत रमतो, शेजाऱ्याशी क्रिकेटवरून वाद घालतो, हे त्या ठसठशीत चित्राच्या सावलीत जाते. हा ओलवे यांचा दोष नव्हे. ते ज्या अन्यायाकडे बोट दाखवीत आहेत त्याकडे पाहण्यास आपण इतका उशीर लावला की, दुसरे काही पाहण्यास वेळच उरला नाही.

अशा रीतीने एका बाजूस गड आणि दुसऱ्या बाजूस गटार. एक गौरवाचे स्थान, दुसरे लाजेचे. या दोहोंच्या मध्ये जो प्रचंड प्रदेश आहे, ज्यात गौरवही नाही आणि लाजही नाही, जेथे सकाळी नळ येतो, मोरीत पिंप भरते, दाराबाहेरच्या वाटेत मुले अभ्यासास बसतात, कोणाच्या घरचे सुकट शेजारच्या चार घरांस कळते, आणि रात्री अर्ध्या मजल्याची अंथरुणे दाराबाहेर पडतात, तो आपल्या छायाचित्रकलेने जवळजवळ मोकळा सोडला आहे. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातील माणसांच्या तोंडच्या आठवणी जमवून २००४ साली ग्रंथ केला. आडारकर यांनीच पुढे २०११ साली मुंबईच्या चाळींवर लेखसंग्रह संपादिला. शब्दांच्या बाजूने हे काम झाले, ही भाग्याची गोष्ट. चित्राच्या बाजूने तेवढे झालेले नाही.

याचे एक कारण मला अगदी भौतिक वाटते, आणि ते कोणी फारसे ध्यानात घेतलेले दिसत नाही. ज्या खोलीत दहा-सोळा फुटांत आठ माणसांचा संसार आहे, तेथे छायाचित्रकारास मागे सरण्यास जागा नसते. सर्व कुटुंब चौकटीत घ्यावे तर पाठ भिंतीस टेकते, आणि तरीही कोणी तरी बाहेर राहतेच. रुंद दृष्टीचे भिंग लावावे तर कडेची माणसे ओढल्यासारखी वाकडी येतात. मधल्या वाटेत दिवसाही अंधार. जुन्या फिल्मला तेवढा उजेड पुरत नसे, आणि झगमगाट करणारा दिवा लावला की नित्याचे जीवन तत्क्षणी थांबून सर्वजण फोटोसाठी उभे राहत. म्हणून माणसे स्टुडिओत गेली. तेथे मागे सरण्यास जागा होती. म्हणजे ज्याच्यापाशी जागा आहे त्याचेच चित्र सुलभ! गडावरून विमान कितीही दूर जाऊ शकते. अंतर ही सुद्धा एक प्रकारची संपत्ती आहे, आणि इतर संपत्तीप्रमाणेच ती विषम वाटली गेलेली आहे. छायाचित्रातील दृष्टीचा विचार करताना तिच्या पाठीमागच्या या जागेचाही विचार टीकाकाराने केला पाहिजे.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, ही सर्व जुन्याची हळहळ आहे. सामाईक संडासाचे कौतुक ज्यास तेथे जावे लागत नाही तोच करतो. हा आक्षेप मी डोके लववून मान्य करतो. पाचशे चौरस फुटांचे, स्वतःच्या संडासाचे घर सोडून १६० फुटांत परत जावे असे नायगावातील एकही शहाणी बाई म्हणणार नाही, आणि कोणी म्हणू लागल्यास तिला तसे शिकविणारा पुरुष कोण, हे प्रथम शोधावे. परंतु एखादी वस्तू मोडावी असे वाटणे आणि तिची स्मृती राहू नये असे वाटणे या निराळ्या गोष्टी आहेत. दुष्काळ कोणासही नको होता. तरी त्याची चित्रे कपाटात आहेत. उलट, ज्या जीवनाचे चित्रच नाही त्याविषयी पुढे काहीही सांगता येते. एक म्हणेल, चाळीत सर्व जाती गुण्यागोविंदाने नांदत होत्या. दुसरा म्हणेल, चाळीत नुसता नरक होता. दोघांसही खोडून काढण्यास काही नसेल. गौरवाचे राजकारण आणि विषादाचे राजकारण ही दोन्ही पुराव्याच्या अभावी माजतात.

दुसरा आक्षेप असा की, आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, चित्रांचा तोटा कसला? तोटा चित्रांचा नाही, हे खरे. पण यंत्र बिघडले वा बदलले की हजारो चित्रे एकदमच नाहीशी होतात. आणि जी उरतात त्यांवर नाव नसते, ठिकाण नसते, कोण कोणाचा कोण हे सांगणारे माणूस नसते. जुन्या फोटोच्या पाठीवर शाईने लिहिलेली एक ओळ, 'चि. अमुक, बारसे, खोली नंबर तमुक', ही शंभर निनावी चित्रांहून अधिक मोलाची असते. शिवाय आपण आजही टिपतो ते वाढदिवस, सहली आणि सण. स्टुडिओतला रंगविलेला बगीचा आता खिशात आला आहे, एवढाच फरक.

खरे संरक्षक वृत्तीचे लोक कोणते, या प्रश्नाचे उत्तर मला येथे मिळते. जपणे हाच ज्यांचा धर्म आहे त्यांनी आधी नष्ट होणारी वस्तू जपावी. गड दगडाचे आहेत. ते आपल्या चित्रावाचून आणखी काही शतके उभे राहतील. मोरीच्या कठड्यावर ठेवलेला तांब्या, दारावर खडूने लिहिलेला भिशीचा हिशेब, एका भिंतीवर शिवाजी महाराज आणि पलीकडच्या खोलीच्या भिंतीवर बाबासाहेब व बुद्ध, या गोष्टी एका दिवसात मातीस मिळतात. शिवरायांच्या नावाने चालणाऱ्या राजकारणाने चाळीच्या या नश्वर संसाराची एक संदूक भरून ठेवली असती, तर त्याच्या विरोधकांनाही त्यापुढे मान लवविणे भाग पडले असते. आणि नव्याची भाषा बोलणाऱ्यांनीही हेच करावयास हवे होते. कारण ज्या जिण्यातून माणसांस सोडवावयाचे ते जिणे कसे होते, हे दाखविण्याची जबाबदारी त्यांच्यावर अधिक होती. दोघांनीही ती पाळली नाही. २०२२ साली वरळीच्या चाळींच्या जागी उभ्या राहणाऱ्या वसाहतीस बाळासाहेब ठाकरे यांचे, नायगावच्या वसाहतीस शरद पवार यांचे आणि डिलाइल रोडच्या वसाहतीस राजीव गांधी यांचे नाव देण्याचे ठरले. नावांची वाटणी सर्वांस सुचली. स्मृतीची कोणास सुचली नाही.

अजून वेळ पुरता गेलेला नाही. नायगाव-दादरच्या याच भागात मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय उभे आहे. १८९८ साली स्थापन झालेल्या या संस्थेने मराठी शब्द जपले. अशाच एखाद्या ग्रंथालयाच्या एका कपाटात मराठी माणसाच्या खोलीचे चित्रही जपले जावे, अशी अपेक्षा करण्यात अवास्तव काही नाही. त्यास मोठा छायाचित्रकार लागत नाही आणि विमानही लागत नाही. खोली रिकामी होण्यापूर्वी एकदा दारात उभे राहावे, भांडी हलवू नयेत, माणसांस उभे करू नये, पाठ भिंतीस टेकली तरी हरकत मानू नये. आणि जे दिसेल ते टिपून मागे नाव, खोली आणि तारीख लिहावी. अशी शे-दोनशे चित्रे जमली, तर त्यांवर टीका लिहिण्यास पुढे टीकाकारही निघतील. त्यांची कला कदाचित कच्ची असेल, पण त्यांतील पाहणारा योग्य ठिकाणी उभा असेल.

माझ्या परिचिताने त्या दिवशी तेच केले. तसबिरी उतरलेल्या त्या भिंतीचेच त्याने एक चित्र घेतले: मळक्या भिंतीवर तीन स्वच्छ चौकोन, त्यांच्या वर तीन खिळे. त्या चित्रात माणूस एकही नाही. तरी नातवाने उद्या विचारले, तर त्या खिळ्यांपासून आरंभ करून सर्व हकीकत सांगता येईल, असे तो म्हणाला. आणि मला ते पटले.